माझ्या गाडीचं तेल वाढतं!

…आणि वर तो गॅरेजवाला मलाच म्हणतो, "काका, गाडी तुम्ही मारलीत!" मी? मी मारली? अहो, ज्या माणसानं तीन वर्षांत गाडीला एक ओरखडा पडू दिला नाही, भर पावसात स्वतः भिजत तिच्यावर कव्हर घातलं, वरच्या मजल्यावरच्या कुंडीतलं पाणी बॉनेटवर ठिबकलं म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाऊण तास भांडण केलं, त्या माणसानं गाडी मारली? आणि मारायला, तुम्हाला सांगतो, गाडी चाललीच कुठे आहे?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही त्याच्याच बाजूचे व्हाल. मी राहतो अंबरनाथ पूर्वेला. नोकरी एमआयडीसीत, रंगाच्या कंपनीत, स्टोअरला. घरापासून कंपनीचं गेट दोन किलोमीटर दोनशे मीटर. सकाळी जायचं, दुपारी जेवायला घरी यायचं, कारण डब्यातला भात मला चालत नाही, त्याचा गोळा होतो, मग परत जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. चार खेपा. आमच्या हिला, प्रतिभाला, पहिल्या दिवसापासून हे पटलेलं नाही. "अहो, दोन किलोमीटरला गाडी कसली काढता? शेअर रिक्षा दारातून जाते!" म्हटलं, अगं, त्या रिक्षात चौथा बसतो तो बसत नाही, लटकतो! आणि गाडी घेतली ती काय अंगणात उभी करून ओवाळायला? पण लांब न्यायची नाही हां! लांब नेली की गाडी झिजते, हे आपलं शास्त्र. पनवेलला लग्न आहे? एसटीनं जा. कल्याणला डोळे तपासायचेत? रिक्षानं जा. गाडी कंपनीत जाईल आणि घरी येईल, बस! शाळेतल्या पोरीसारखी. म्हणून तीन वर्षांत काटा किती? आठ हजार एकशे बारा! लोक खिडकीतून वाकून आकडा बघायचे आणि माझ्याकडे असे बघायचे, जसा मी परीक्षेत पहिला आलोय.

आणि लाड? विचारू नका! सीट कव्हर कुठली, तर उल्हासनगरची, पाच दुकानं पालथी घालून आणलेली. तो सिंधी दुकानदार दोन पावलं मागं सरकला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "साईं, गाड़ी नहीं है ये, दुल्हन है दुल्हन!" मी फुगलो. दसऱ्याला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, आरशाला मिरच्या. शनिवारी मारुतीला तेल घालायला तीन वर्षांत एकदा चुकलो असेन तर शपथ! मारुतीला, हां. इंजिनाला नाही. इंजिनाला कशाला? गाडी चाललीच कुठे आहे?

आता तुम्ही म्हणाल, सर्व्हिसिंग? अहो, पुस्तक वाचलंय मी! कंपनीच्या पुस्तकात स्वच्छ छापलंय, तेल बदला दहा हजार किलोमीटरला. माझे झाले आठ. मग? पहिल्या महिन्यात एकदा फुकटची सर्व्हिसिंग झाली, त्यांनी पुसून-बिसून दिली, संपलं. पुढे त्याच ओळीत, तुम्हाला सांगतो, बारीक अक्षरांत लिहून ठेवलंय, 'किंवा बारा महिने, जे आधी होईल ते.' जे आधी होईल ते! ही काय पद्धत झाली? माणसानं अर्धी ओळ वाचून सुखात राहायचं, आणि खरा सुरा बाकीच्या अर्ध्या ओळीत! आयुष्यभर सरकारी परिपत्रकातल्या बारीक अक्षरांवर मी भांडलो, ऑफिसातल्या लोकांना फैलावर घेतलं, आणि माझ्याच गाडीच्या खणात तेच कागद पडून होते.

बरं, मी काही अगदीच आंधळा नव्हतो. दर रविवारी बॉनेट उघडून तेल बघायचो! ती लांब पट्टी असते ना, डिपस्टिक, ती ओढायची, पुसायची, परत घालायची, परत ओढायची. आणि माझ्या गाडीचं तेल, सांगतो काय, कमी होत नव्हतं! कमी सोडा, वाढत होतं! पहिल्या वर्षी वरच्या खुणेला टेकलेलं, तिसऱ्या वर्षी खुणेच्या वर बोटभर! मी कंपनीत सांगितलं, सोसायटीत सांगितलं, हिच्या भावाला मुद्दाम फोन करून सांगितलं, कारण त्याची गाडी तेल पिते. म्हटलं, माझ्या गाडीचं तेल वाढतं! आणि एकाही माणसाला, अहो, एकाही शहाण्याला असं वाटू नये, की अरे, बंद डब्यात तेल वाढेल कसं?

असो. आता मूळ दुखणं.

आमची मुलगी, रिद्धी, आरोग्य सेविका झाली. बारवी धरणाच्या पलीकडे, जंगलातल्या पाड्यांवर तिचं काम. घरापासून अठ्ठावीस किलोमीटर. रोज बदलापूरपर्यंत रिक्षा, तिथून जीप मिळाली तर जीप, नाहीतर कुणाच्या तरी मागे बसून. कार्तिकातली गोष्ट. त्या दिवशी लसीकरण होतं आणि लसीचा डबा पोचवणारा माणूस तापानं पडलेला. तो डबा, त्यात बर्फाच्या वड्या, ऊन व्हायच्या आत पाड्यावर पोचायला हवा. सकाळी साडेसातला ती माझ्यासमोर हात पुढे करून उभी. "बाबा, किल्ली."

मी म्हटलं, "कसली?"

"गाडीची. आणखी कसली असणार? कपाटाची?"

"अगं, पण ती लांब…"

"बाबा, चिल! जंगलात नाही विकायला नेत. बावीस पोरं आहेत, आया सकाळपासून शेत सोडून बसणार आहेत. आणि तुम्हीच म्हणता ना, गाडी चाललीच कुठे आहे? आज चालेल."

मी किल्ली दिली. काळजावर दगड ठेवून, पण दिली, आणि पायी निघालो. वाटेत महेशचं गॅरेज. आमच्याच गल्लीत वाढलेला, हात सोन्याचे, तोंड मात्र धड नाही. म्हटलं, चला, जरा रुबाब करू. "काय महेश, आज आमची गाडी बारवीला गेली बरं का! पहिल्यांदा लांब. पण काळजी नाही, तेल बघून पाठवलीय. उलट वाढलंय!"

त्याचा पाना हातातच राहिला. "काय वाढलंय?"

"तेल! बोटभर वर आलंय खुणेच्या. आणि सांगतो, कंपनीचं काम एवढं पक्कं आहे, तेलाच्या झाकणाला आतून लावलेलं पांढरं ग्रीस अजून तसंच आहे. लोण्यासारखं!"

महेशनं पाना खाली ठेवला. अगदी हळू ठेवला. डॉक्टर कागद टेबलावर ठेवतो ना, आणि नातेवाईकांना म्हणतो, बसा, तसा. म्हणाला, "काका, तेल काय म्हैस आहे का, वाढायला? आणि झाकणाला ग्रीस कोण लावतं?"

"मग ते काय आहे?"

"पाणी! तेलात घुसळलेलं पाणी! काका, तुम्ही चहाचं पातेलं गॅसवर ठेवता, कोमट झालं की उतरवता. परत ठेवता, परत उतरवता. वाफ जाणार कशी? दोन किलोमीटरमध्ये इंजिन तापतच नाही. आतली ओल आतच राहते. थंड इंजिन पेट्रोल पितं जास्त, न जळलेलं पेट्रोल खाली उतरतं, तेही तेलातच. दिवसातून चार वेळा, तीन वर्षं! समोर निळा दिवा लागतो ना थंड असताना? तो विझल्यावर किती चालवायचात?"

आता काय सांगू तुम्हाला? मला वाटायचं तो निळा दिवा म्हणजे आपला, देवघरात असतो तसा, शांततेचा! तो विझला की मी ओळखायचो, कंपनीचं गेट आलं. मग गाडी बंद!

मी तरीही मागे हटलो नाही. म्हटलं, "अरे, मग आज अठ्ठावीस किलोमीटर जाईल, तापेल, पाणी उडेल. चांगलंच झालं की!"

"तापेल ना! पाणी उडेल, पेट्रोल उडेल. मग खाली उरणार काय? तुमची पट्टी भरलेली दिसत होती ती पाण्यानं. खरं तेल असेल अर्धं, आणि जे आहे तो चिखल. पंपाच्या जाळीत चिखल बसला की वर तेल चढत नाही. मग लोखंडावर लोखंड. इंजिन जाम. चढावर होईल, वळणावर होईल, त्याला काय? काका, चालवतंय कोण?"

मी म्हटलं, "रिद्धी."

आणि तुम्हाला खरं सांगतो, तोवर खिशातून फोन काढलाही होता.

फोन लावला. ती बाई! तुम्हाला माहीत आहे ती बाई, साखरेत घोळलेला आवाज… "आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे." परत लावला. "आपण संपर्क करू इच्छित…" अहो, मी करू इच्छित नाही, मी मरतोय इथे! सात वेळा लावला, सातही वेळा तीच बाई, आणि सातही वेळा तितकीच आनंदात! महेशनं स्कूटर काढली. "बसा मागे."

बदलापूर कधी मागे पडलं कळलं नाही. बेलवलीच्या बाजूला गर्दीत अडकलो तेव्हा एका टेम्पोवाल्याला मी काय बोललो ते इथे सांगता येणार नाही, पण त्यानं वाट दिली. मग बारवीचा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना कापलेलं भात पडलंय, हवा कशी छान, कोवळं ऊन, आणि मी मागे बसून एकेक वळण मोजतोय. इथे बंद पडली असेल? इथे? खाली दरी दिसली की डोळे मिटायचो, मग वाटायचं, मिटलेल्या डोळ्यांसमोरून गाडी निघून गेली तर? की उघडायचो. इंजिन जाम झालं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेक दगडासारखा होतो, हे मला महेशनं सांगायची काही गरज होती का? होती का? स्कूटर चालवता चालवता ओरडून सांगत होता! "काका, पॉवर स्टिअरिंग आहे ना? मग अवघड आहे!" अरे, गप की! वनखात्याची पाटी आली, 'वन्यप्राण्यांपासून सावधान.' म्हटलं, प्राण्यांना म्हणावं, तुम्ही सावध राहा, आज मी कुणालाही चावेन. अंबरनाथाला हात जोडले, मलंगगडाला जोडले, मारुतीला म्हटलं, बाबा रे, तीन वर्षं तुला तेल घातलं, त्यातलं थोडं आज तिकडे वळव! आणि एवढ्या सगळ्यात, लाज वाटते सांगायला, डोक्यात एक किडा वळवळतच होता: पण असं कसं होईल? गाडी चाललीच कुठे आहे?

धरण ओलांडलं, एक चढ चढलो, आणि दिसली.

सागाखाली उभी. बॉनेट उघडं. दारं बंद. आत कुणी नाही. आणि आरशाला… आरशाला रिद्धीची पिवळी ओढणी बांधलेली.

मी स्कूटर थांबायच्या आधी उतरलो, म्हणजे पडलोच. "रिद्धीऽऽ!" नुसता प्रतिध्वनी. काचेला नाक लावून बघितलं. सीट कव्हर जागेवर, पाण्याची बाटली जागेवर, पोरगी नाही, डबा नाही. महेश चाकापाशी वाकला आणि म्हणाला, "काका, चाकाला दगड लावलाय बघा. नीट उभी केलीय." पण मला कुठलं ऐकू येतंय? ओढणी! ओढणी का बांधली असेल? माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते… जाऊ द्या. बापाच्या डोक्यात येतं ते सगळं आलं.

तेवढ्यात वरच्या पायवाटेनं एक म्हातारी उतरली, डोक्यावर भाताचा भारा. पुढे कळलं, तिचं नाव पुतळीबाई. मी धावलो. "माय, इथे एक मुलगी होती हो…"

"कंची? सुया टोचणारी बाय?"

"हो! हो! तीच!"

"ती काय, गेली न् कवाच. गोमाच्या फटफटीवं. डबा मांडीवं घेतला व्हता."

"बरी आहे ना? लागलं-बिगलं नाही ना?"

"लागंल कशाला? तीच गोमाला वरडत व्हती, 'हलू चालव रं, डबा हिंदळतोय!' वढणी मीच बांधाया लावली, मंजी मागनं येनाऱ्या ट्रकाला गाडी दिसंल." मग भाऱ्याखालून मान तिरपी करून तिनं गाडीकडे बघितलं. "ही तुजी गाडी?"

"हो माय."

"नवी दिसतं."

"नवीच आहे," मी म्हटलं. अहो, तोंडातून गेलंच! "चाललीच कुठे आहे?"

म्हातारी म्हणाली, "तं मंग आता चालत का नाय?"

महेश बॉनेटच्या आड तोंड घालून हसत होता. मला दिसत होता तो.

पाड्यावर पोचलो. समाजमंदिराच्या ओट्यावर आया बसलेल्या, पोरांनी गगनभेदी सूर लावलेला, आणि मधोमध रिद्धी. एका हातानं पोराचा दंड धरलाय, दुसऱ्या हातानं सुई, आणि तोंडानं गाणं. धडधाकट. मी ठरवलं होतं, दिसली की जवळ घ्यायचं, डोक्यावरून हात फिरवायचा. ती मान वर करून म्हणाली, "बाबा? तुम्ही इथे? कंपनी?" आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडलं असेल? "गाडी लॉक केलीस ना?"

तिनं सुई खाली ठेवली. शांतपणे. आमच्या हिच्यासारखीच शांत, म्हणजे वाईट. "बाबा, चढावर लाल दिवा लागला. तेलाचा. ड्रायव्हिंग क्लासच्या सरांनी सांगितलेलं, बाकी कुठलाही दिवा लागला तर विचार करायचा, हा लागला तर विचार करायचा नाही, बंद करायची. मी पाच सेकंदांत बंद केली. पुढे काय होतं बघितलंत? पन्नास पावलांवर?"

मी बघितलं नव्हतं. ओढणी दिसल्यावर पुढे काय आहे ते मी बघितलंच नव्हतं. महेश म्हणाला, "वळण. कठडा तुटलाय तिथला."

पोरं रडतच होती. मी तिथेच आयांच्या रांगेत बसलो. शेजारच्या बाईनं माझ्याकडे बघितलं, लोट्यातून पाणी दिलं, आणि रिद्धीला विचारलं, "बाय, यांना बी टोचायची हाय का?"

"यांना सगळ्यात आधी टोचायला हवी," रिद्धी म्हणाली, "पण यांच्यासाठी लस नाही निघाली अजून." सगळा ओटा हसला. मीही हसलो, आणि हसता हसता, तुम्हाला सांगतो, डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेचना. मग ती उठून आली, हात कोपरानं बाजूला धरून, कारण हात स्वच्छ ठेवायचे असतात ना, आणि नुसतं कपाळ माझ्या खांद्याला टेकवलं. "आहे मी बाबा. बावीसपैकी अजून नऊ राहिलीत. बसा इथे. कशाला हात लावू नका."

गाडी दोर लावून आणली. महेशनं खालचा बोल्ट काढला, तर आधी उरलंसुरलं पाणीच! मग जे आलं त्याला तेल म्हणायला जीभ रेटत नाही. डांबर. गोठलेलं, हळूहळू, थबक थबक पडणारं डांबर. त्यानं जाळी काढून माझ्या हातात ठेवली. चहाची गाळणी सात दिवस न धुता ठेवा, तशी. "बघा काका. इंजिन वाचलं ते तिच्या पाच सेकंदांमुळे. तुमच्या हातात असती तर तुम्ही म्हणाला असतात, अरे, लाल दिवा? लागला असेल, विझेल निळ्यासारखा!" हे तो सगळ्या गॅरेजसमोर म्हणाला. आणि तेव्हाच त्यानं ते वाक्य टाकलं, "गाडी तुम्ही मारलीत!" मी भांडलो. भांडणारच! म्हटलं, मग लिहा की स्वच्छ, मोठ्या अक्षरांत! लिहा दारावर, की बाबांनो, जवळच्या जवळ चालवाल तर तेल लवकर खराब होईल, सहा महिन्यांत बदला! महेश म्हणाला, "लिहिलंय काका. पान एकशे बारा. 'वारंवार कमी अंतराचा वापर असल्यास.' तुमच्यासाठीच छापलंय." बघितलं. आहे. आता यावर माणसानं कुणाशी भांडायचं?

मग नवं तेल, नवा फिल्टर, पाचशे किलोमीटरनं पुन्हा नवं तेल, आणि वर महेशचं फर्मान: या गाडीला रोज लांब पळवा, नाहीतर विका. विकायची? दुल्हन? घरात मतदान झालं, दोन विरुद्ध एक. गाडी रिद्धीला.

आता रोज छप्पन्न किलोमीटर जाते. निळा दिवा पहिल्या दोन किलोमीटरांतच विझतो म्हणे, पुढे सव्वीस बाकी असतात. तेल वाढत नाही, कमी होत नाही, महेश म्हणतो मधासारखं आहे. तुटक्या कठड्याजवळ रिद्धीनं ग्रामपंचायतीच्या मागे लागून दगड रचून घेतलेत. पण मी? धरणाच्या पलीकडे रेंज नाही. सकाळी साडेसातला ती निघते आणि नऊला पाड्याच्या वरच्या टेकाडावरून एक मिस कॉल देते. ते दीड तास मी स्टोअरमध्ये बसून रंगाचे डबे मोजतो, आणि रोज वेगळेच भरतात.

परवा शेअर रिक्षात चौथा बसलो होतो. म्हणजे लटकत होतो. आमच्या डिस्पॅचचा अक्षय आतून म्हणतो, "काय काका, एवढी जपलेली गाडी, विकून टाकली?"

म्हटलं, "नाही रे बाबा, आहे. मुलीकडे असते. माझ्याकडे राहिली की आजारी पडते."